मराठवाड्यात ब्रा शिवायची, तर आधी मापांची वही

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पुण्यात फॅशन डिझाइनचा डिप्लोमा केला, लग्न होऊन लातूरला आलात, साडेतीन लाख रुपये बाजूला टाकलेत आणि वहीत ब्राच्या चौदा डिझाइन काढून तयार आहेत. लेस, सॅटिन, पाठीवर नाजूक बंद वगैरे. आता स्वतःच्या नावाचा ब्रँड काढायचाय. तर माल तमिळनाडूतल्या तिरुपूरहून करून घ्यावा की घरी मशिनी टाकाव्यात, मराठवाड्यात असलं कोणी विकत घेईल का, आणि सासरी सांगायचं कसं? मी संभाजीनगरात अकरा वर्षं हाच धंदा करते. पाच बायका, सात मशिनी. पत्र्याच्या शेडमधून आता स्लॅबच्या दोन खोल्यांत आलोय.

चौदा डिझाइनचं आधी बोलू, कारण पैसे तिथेच अडकणार आहेत. कुर्ता चार-पाच मापांत निघतो आणि बोटभर ढिला झाला तर कोणी परत आणत नाही. ब्राला दोन मापं लागतात, छातीखालचा घेर आणि कप. घेर 30 ते 40 इंच, दोन-दोनच्या अंतराने, म्हणजे सहा, कप बी, सी, डी एवढेच धरले तरी सहा त्रिक अठरा. चौदा डिझाइन, प्रत्येकी दोन रंग: 504 प्रकार. प्रत्येकाचे दहाच नग केले तरी 5,040 होतात. एका नगाला 120 रुपये खर्च धरा, सहा लाखांच्या वर गेलं, आणि यात मशीन, भाडं, पगार काहीच नाही. हाच हिशोब एका डिझाइनचा केला तर 36 प्रकार, 360 नग, 43,200 रुपये.

इथे बहुतेक जणी एक चूक करतात. डिझाइन सोडवत नाही म्हणून मापं कमी करतात. 32, 34, 36, आणि सगळ्यांना बी कप. मीही सुरुवातीला तेच केलं. पण ज्या बाईला बाजारातली कुठलीच ब्रा बसत नाही, तिला मग तुमचीही बसत नाही. आणि जिला बसते, तिला तसली गुलमंडीवर किंवा तुमच्या गंजगोलाईत दीडशे रुपयांत मिळतेच. ती तुमच्याकडे का येईल? माझं म्हणणं एवढंच आहे की एक डिझाइन घ्या आणि त्याची अठराच्या अठरा मापं करा. लहान माणसाने मोठ्या कंपनीपुढे टिकायची मला तरी हीच एक जागा दिसली.

हे कोणासाठी खरं, तेही सांगते. तुम्हाला पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत नवरीसाठी दोन-अडीच हजारांचे सेट विकायचे असतील तर माझं अर्धं उत्तर सोडून द्या. तिथे लेस विकली जाते, ऑर्डर आल्यावर माप घेऊन शिवता येतं, साठा लागत नाही. मी बोलतेय ते लातूर, नांदेड, परभणीतल्या त्या बाईबद्दल जी 300-400 रुपये देईल, पण वर्षभर रोज घालेल. शिक्षिका, नर्स, दुकानात दिवसभर उभी असणारी, शेतात वाकून कापूस वेचणारी.

या बाईला तिचं माप विचारा. ती झंपरचं माप सांगेल. टेलरने ‘छाती छत्तीस’ लिहिलंय, म्हणून ती दुकानात जाऊन ‘छत्तीस द्या’ म्हणते. काउंटरवर बहुधा पुरुष असतो, त्यामुळे पुढे बोलणं नाही. डबा उघडला, कागदात गुंडाळली, काळ्या पिशवीत टाकली, झालं. आता टेलरचं छत्तीस म्हणजे छातीचा पूर्ण फुगवटा. ब्रावरचं छत्तीस म्हणजे छातीखालच्या घेराचा नंबर. एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि त्यापायी आपल्या निम्म्या बायका चुकीचं माप घालतात, असं माझी मापाची वही सांगते.

सेलूच्या एक बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, “ताई, बॉडी मागून नुसती वर चढायलीय, अन् खांद्यात पट्टे रुतायलेत बगा.” वर्षानुवर्षं 36 बी. मी टेप लावला: श्वास सोडून छातीखाली साडेएकतीस, छातीवरून छत्तीस. म्हणजे घेर 32. छत्तीस वजा बत्तीस चार, आणि एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. त्यांचं माप 32 डी निघालं. बाई दचकल्याच, कारण डी म्हणजे काहीतरी भयंकर मोठं असा सगळ्यांचा समज. वजन तोलायचं काम घेराच्या पट्टीचं असतं, खांद्याचे पट्टे फक्त कप जागेवर धरतात. घेर ढिला असला की पाठीमागून वर सरकतो आणि सगळा भार खांद्यावर येतो. मग बाई पट्टे आणखी आवळते आणि पाठ आणखी वर जाते. नवी ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या, ढिल्या हुकावर नीट बसली पाहिजे. पुढचे हुक पुढच्या महिन्यांसाठी, इलास्टिक सैल पडेल तेव्हा. घेरात चार-पाच इंच मिळवून नंबर काढायची जुनी पद्धतही तुम्हाला कुठे कुठे दिसेल. मी ती सोडली.

अठरा मापं ऐकून घाबरला असाल तर एक दिलाशाची गोष्ट आहे, ती डिप्लोमात शिकवली नसेल तर आता लिहून घ्या. 34 बी, 32 सी आणि 30 डी यांचा कप एकच असतो. घेर एक नंबर उतरला आणि कपाचं अक्षर एक चढलं की आतली जागा तेवढीच राहते. 30 बी पासून 40 डी पर्यंत मांडून बघा, अठरा मापांना कपाचे वेगळे पॅटर्न फक्त आठ लागतात. कप आठ, घेराच्या पट्ट्या सहा, त्यांच्या जोड्या लावायच्या. आमच्याकडे कटिंगनंतर कपांचे गठ्ठे नंबराने ठेवतो आणि ज्या मापाची मागणी येईल त्या पट्टीला जोडतो. शिवून तयार मालात पैसे अडकवण्यापेक्षा कापलेल्या मालात अडकवलेले बरे.

मात्र ग्रेडिंगवर, म्हणजे एका मापाच्या पॅटर्नवरून बाकीची मापं काढण्यावर, आंधळा विश्वास नको. 34 बी बाईच्या अंगावर पॅटर्न छान बसला, मग कॉम्प्युटरवर वाढवत 40 डी केला, तर तो बसतोच असं नाही. मोठ्या मापाला काखेतली बाजू उंच लागते, पट्टा 12 मिलिमीटरऐवजी 18 चा, हुकाच्या दोनऐवजी तीन ओळी. मी तीन अंगांवर बसवते: 32 बी, 36 सी, 40 डी. तिघींनाही त्या दिवसाचे पैसे देते. मैत्रिणीला फुकट उभं केलं तर ती ‘मस्त आहे गं’ म्हणून मोकळी होते. पैसे घेतलेली बाई सांगते की इथे टोचतंय. त्यांना हात वर करायला लावा, वाकायला लावा, खाली बसवून भाकरी थापल्यासारखं करायला लावा. आरशासमोर ताठ उभ्या बाईवर काहीही बसतं.

डिझाइनर म्हणून तुमचं खरं काम कापडात आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून जातो. बोअरचं पाणी जड, साबणाचा फेस धड होत नाही, पांढरा कपडा चार धुण्यांत मळकट दिसतो. धुणं दगडावर आपटलं जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आतले कपडे उन्हात वाळत नाहीत. ते परकराखाली, टॉवेलखाली, न्हाणीघरातल्या दोरीवर लपून वाळतात. स्पंज भरलेला जाड कप तसा लपून वाळतच नाही, ओलसर घातला जातो, आणि मग खाज, पुरळ, सगळं आलं. ‘उन्हात वाळत घाला’ असं मी पाकिटावर छापून बघितलं, कोणी घातलं नाही. मग कपच बदलला. तीन तुकड्यांचा शिवलेला कप, बाहेरून कॉटन-लायक्रा, आतून पातळ सुती अस्तर, स्पंज नाही. आधार शिवणीच्या आकारातून येतो. असा कप साच्यातल्या कपापेक्षा शिवायला वेळखाऊ आहे, पण सावलीतही लवकर वाळतो आणि त्याला साच्याचं महागडं यंत्र लागत नाही.

रंगाचंही तसंच. पांढरी ब्रा मी करतच नाही. पांढऱ्या पातळ कुर्त्याखाली पांढरी ब्रा उठून दिसते, अंगाच्या रंगाची दिसत नाही. पण बाजारात ‘स्किन कलर’ म्हणून मिळतो तो कोणाच्या कातडीचा रंग आहे देव जाणे. मी एक गव्हाळ आणि एक गडद चॉकलेटी असे दोन ठेवलेत. काळा आणि मरून नंतर आले.

आता इलास्टिक. यात मी हात पोळून घेतलेत. तिसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून घेराचं इलास्टिक बाजारापेक्षा बरंच स्वस्त मिळालं म्हणून वर्षभराचं उचललं. मार्चमध्ये आलेली खोकी शेडमध्ये पत्र्याखाली रचली. पाऊस लागल्यावर शिवायला घेतलं, हाताला बरं वाटलं, तीनशेवर नग दुकानांत गेले. दिवाळीपर्यंत एकेक परत यायला लागला. चार धुण्यांत घेर लोंबायला लागला होता. व्यापारी म्हणाला उन्हाने गेलं, मला वाटतं माल मुळातच जुना होता, दोन्ही खरं असेल. उष्णता, ऊन, तेल आणि कपडे पांढरे करायचं ब्लीच, चारही गोष्टी इलास्टिकच्या वैरी. तेव्हापासून सहा-आठ आठवड्यांपुरतंच घेते, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवते, आणि प्रत्येक नव्या रोलचा हातभर तुकडा कापून पंचवीस वेळा धुऊन बघते. धुवायच्या आधीची लांबी पेनाने खूण करून ठेवायची, नंतर पट्टीवर ठेवायची. कंटाळवाणं आहे, करायचं.

कापडाच्या प्रत्येक लॉटचीही हीच तपासणी. छोट्या धंद्याला किलोवर मिळणारं होजिअरी कापड तयार स्टॉकमधलं असतं, पुढच्या वेळी तोच रंग आणि तोच ताण मिळेल याची खात्री नाही. दहा सेंटिमीटरची पट्टी ओढून किती होते ते लिहा. अर्धा मीटरचा चौकोन आखून तीनदा धुवा, किती आटला ते लिहा. ताण बदलला की पॅटर्न बदलावा लागतो, हे सुती साडी-ड्रेसच्या सवयीतून आलेल्या डिझाइनरला पटायला वेळ लागतो. आणि तागा उलगडल्या उलगडल्या कापू नका. विणलेलं कापड गुंडाळताना ताणलेलं असतं, रात्रभर मोकळं पसरून ठेवा, नाहीतर कापलेले कप सकाळी आखडलेले सापडतील.

(लोक मला हमखास विचारतात की परभणी-जालन्याचा कापूस का वापरत नाही. वापरते की, पण तो इथून गाठी होऊन जातो आणि होजिअरी होऊन तिरुपूरहून परत येतो. हिमरू किंवा पैठणीची ब्रा कर, असंही एक जण प्रदर्शनात सुचवून गेला. ताण नसलेल्या जरीच्या कापडात बाईचा श्वास कुठे मावणार, हे त्याला सांगत बसले नाही.)

तिरुपूर की घर, हा तुमचा पहिला प्रश्न होता. कापड तिरुपूरचं, लेस लागलीच तर सुरतची, शिवण घरची. मोठा कारखाना अठरा मापांत वीस-वीस नग शिवायला हात लावत नाही, त्याला एका मापाचे शेकड्यांनी पाहिजेत. शिवाय पहिल्या वर्षी पॅटर्न दर महिन्याला बदलणार, तो स्वतःच्या खोलीत बदलणं स्वस्त. ओव्हरलॉक, झिगझॅग आणि एक साधी सिंगल नीडल, एवढ्या तीन मशिनींवर सुरुवात होते. फ्लॅटलॉक दुसऱ्या वर्षी. जुन्या चांगल्या मशिनी मिळतात, पण झिगझॅग घेताना शिवून बघूनच घ्या, आणि सुई बॉल पॉइंट, म्हणजे गोल टोकाची. साध्या सुईने होजिअरीला बारीक भोकं पडतात, ती धुतल्यावर दिसतात. साडेतीन लाखांतला एक लाख असा बाजूला ठेवा की तो नाहीच आहे.

शिवायला झंपर शिवणाऱ्या बायका मिळतील, हात त्यांचा स्वच्छ असतो. पण ताणाच्या कापडाची सवय व्हायला दोन-तीन महिने जातात. त्या काळात नगावर पैसे देऊ नका, रोजावर द्या. नगावर दिले की त्या पळवतात, आणि घेराचं इलास्टिक ओढून लावायचं प्रमाण हुकतं. एकाच मापाच्या दोन ब्रा दोन घेरांच्या निघतात.

किमतीबद्दल तुम्ही ‘120 ला करून 349 ला विकली तर 229 सुटतात’ असं लिहिलंय. नाही सुटत. माझ्या एका नगाचा हिशोब साधारण असा: कापड 32, अस्तर 8, सगळं इलास्टिक 24, हुक-रिंगा 9, दोरा-लेबल 4, शिलाई 28, कटिंग 5, पाकीट 8. झाले 118. खराब निघणारे धरून 124. दुकानदार 349 च्या छापील किमतीवर 35 टक्के ठेवतो, तुमच्या हातात 227 येतात. त्यातून 5 टक्के जीएसटी गेला की 216. राहिले 92. त्यातून भाडं, वीज, प्रवास, परत आलेला माल, आणि तुमचा स्वतःचा पगार, जो आपण बायका नेहमी धरायचा विसरतो.

हे 92 सुद्धा उधारीत असतात. आपल्याकडे बाजार सोयाबीन-कापसाच्या पैशावर चालतो. दिवाळी ते लगीनसराई दुकानं माल मागतात, आणि पीक गेलं त्या वर्षी दुकानदार फोन उचलत नाही. म्हणून मी दुकानं कमी केली. आज माझा बराचसा माल झंपर शिवणाऱ्या लेडीज टेलरांमार्फत जातो. टेप तिच्या गळ्यात असतोच, पडदा लावलेला कोपराही असतो, गावातल्या बायकांची शरीरं तिला पाठ असतात आणि तिच्यासमोर कोणी लाजत नाही. तिला मी माल देत नाही, अठरा मापांचा एक ट्रायलचा संच देते. बाई घालून बघते, टेलर मला माप आणि रंग कळवते, एसटीच्या पार्सलने नग जातो. तिला 20 टक्के. माप चुकलं तर मी बदलून देते, एकदा, न कुरकुरता. ट्रायलचा संच दर आठवड्याला धुवायचा, हे तिच्याकडून कबूल करून घ्या. पँटीचा ट्रायलही नाही आणि ती परतही घेत नाही.

दुसरं डिझाइनही मला या टेलरांनीच दिलं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे लेकी सातव्या महिन्यात येतात आणि कुठलीच ब्रा होत नाही. पुढून उघडणारी, दूध पाजायची सुती ब्रा. तुमच्या चौदांत ती नाहीये, बघा विचार करून.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. राज्याबाहेर माल पाठवणार असाल तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नंबर लागतो. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कच्या 25 व्या, म्हणजे कपड्यांच्या वर्गात नोंदवा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन शुल्क 4,500 रुपये आहे, आणि लेबलं छापायच्या आधी ते नाव कोणी घेतलेलं नाही ना हे शोधा. मी नंतर शोधलं आणि दोन हजार लेबलं चुलीत घातली. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या रोजगार योजनेत महिलांना शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान आहे, पण ते नव्या धंद्यालाच मिळतं, म्हणून घ्यायचं असेल तर मशिनी घ्यायच्या आधी बँकेत विचारा.

राहिलं सासर. मी पहिली दोन वर्षं ‘होजिअरीचा धंदा’ म्हणत होते. बोर्डवर अजूनही ‘लेडीज वेअर’च आहे, त्यात मला कमीपणा वाटत नाही. सासूबाईंना मी काही समजावून सांगितलं नाही, त्यांचं माप घेतलं. साठीची बाई, आयुष्यभर खांदे दुखतात म्हणून तेल चोळत होती. महिनाभराने त्यांनीच जावेला फोन केला. सासरे पुढे काही बोलले नाहीत, पण पार्सलं स्टँडवर नेऊन टाकायला लागले. तुमच्या घरी असंच होईल असं नाही, माणसं वेगळी असतात. तरी सुरुवात सासूबाईंच्या मापापासून करून बघा.

मशीन या महिन्यात घेऊ नका. दोनशे पानी वही आणि दोन टेप घ्या, एक टेप जुना होऊन ताणला जातो म्हणून दुसरा ताडून बघायला. ओळखीतल्या तीस बायकांचं छातीखालचं, छातीवरचं, आणि सध्या घालतात तो नंबर, अशी तीन घरं करून लिहा. नावं लिहू नका, वय आणि काम लिहा. तीस झाल्या की आकडे मला पाठवा, पहिल्या 360 नगांत कुठल्या मापाचे किती कापायचे ते त्यावरून काढू.